कीटकांतील व्हायरस व कोशिकेचा सांगाडा

कीटकांना रोग उत्पन्न करणारे व्हायरस आपल्या वाढीसाठी पोषकाच्या (ज्याच्या शरीरात व्हायरस वाढतो त्या जीवाच्या) कोशिकेतील सांगाड्याचा उपयोग कसा करून घेतात, याचे विवेचन प्रस्तुत नोंदीत केले आहे. व्हायरसाला स्वतःचा चयापचय (शरीरात सतत होणाऱ्या भौतिक व रासायनिक घडामोडी) नसतो, हे सर्वश्रुत आहे. त्याला स्वतःहून हालचालही करता येत नाही, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. कोशिकेच्या कडेपासून केंद्रकापर्यंतचे (कोशिकेतील क्रियांवर नियंत्रण ठेवणाऱ्या गोलसर पुंजापर्यंतचे) अंतर व्हायरसाच्या लांबीच्या वीस-पंचवीस पट असते. वाटेतील कोशिकाद्रव्य प्रथिने, पटले व तंतू यांनी इतके गच्च भरलेले असते की, एवढ्या आकारमानाचा कण केवळ विसरणाने (आपोआप पसरण्याच्या क्रियेने) ते वेळेत पार करू शकत नाही. त्यामुळे जाण्याचे, बांधणीचे व बाहेर पडण्याचे काम व्हायरस पोषक कोशिकेच्या सांगाड्याकडून करून घेतो. याचा सर्वांत सखोल अभ्यास बॅक्युलोव्हायरस या कुलाच्या बाबतीत झाला असून पुढील विवेचन मुख्यतः त्यांच्याविषयी आहे. [→ व्हायरस].

हा विषय केवळ प्रयोगशाळेपुरता मर्यादित नाही. परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आलेल्या हिंगोली जिल्ह्यात खरिपात सोयाबीन, तूर व कापूस आणि रब्बीत हरभरा ही प्रमुख पिके आहेत. तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे व कपाशीची बोंडे पोखरणारी घाटे अळी (शास्त्रीय नाव हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा) ही येथील शेतकऱ्यांची जुनी वैरीण होय. डोके घाट्यात खुपसून व मागचे अर्धे शरीर बाहेर ठेवून ती दाणा खाते. अनेक रासायनिक कीटकनाशकांना ती दाद देईनाशी झाली आहे. अशा शेतात कधीकधी काही अळ्या फिकट, मऊ व तुकतुकीत झालेल्या, रोपाच्या शेंड्याकडे चढून मागील पायांच्या आधारे डोके खाली करून लोंबकळत असलेल्या दिसतात. पुढे त्या काळपट पडतात, त्वचा जराशा धक्क्याने फुटते व आतील द्रव पानांवर सांडतो. या अळ्या न्यूक्लीय पॉलिहेड्रोसिस व्हायरसाने (संक्षेपाने एनपीव्ही) मेलेल्या असतात. हाच व्हायरस द्रवरूपात फवारून घाटे अळीचे नियंत्रण करण्याची शिफारस कृषी विद्यापीठे करीत आली आहेत. सोयाबीनची पाने खाणाऱ्या स्पोडोप्टेरा लिट्यूरा या अळीसाठी त्याच गटातील दुसरा व्हायरस वापरतात. व्हायरस पोटात गेल्यापासून अळी मरेपर्यंत साधारणतः ४ ते ९ दिवस लागतात व यांपैकी बराच काळ ती खातच राहते. औषध मारल्यावर अळी लगेच पडत नाही, ही शेतकऱ्यांची या उपायाविरुद्धची मुख्य तक्रार असते व ती रास्त आहे. हा कालावधी ज्या टप्प्यांनी बनलेला असतो, त्यांपैकी बहुतेक टप्पे पुढे वर्णिलेल्या कोशिकेतील घडामोडींचे आहेत.

इतिहास : रेशीम किड्यांना होणाऱ्या या प्रकारच्या रोगाचे वर्णन इटलीतील मार्को जिरोलामो व्हिडा यांच्या १५२७ मधील लेखनात आढळते. रोगट किड्यांच्या शरीरात चमकदार बहुतलक (अनेक सपाट पृष्ठे असलेले स्फटिकासारखे कण) असतात, असे १८५६ मध्ये माएस्त्री व कॉर्नालिया या इटालियन संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाने पाहिले. बहुतलकांच्या आत काडीसारखे व्हायरसकण असतात, हे १९४७ मध्ये गेर्नोट बेर्गोल्ड यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साह्याने दाखविले. अमेरिकेत कपाशीवरील बोंडअळीसाठी या गटातील एका व्हायरसाची कीडनाशक म्हणून अधिकृत नोंदणी १९७५ मध्ये झाली. कोशिकेच्या सांगाड्याशी असलेला संबंध उलगडण्यास १९८० नंतरच सुरुवात झाली. त्याचे बरेचसे श्रेय कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील लॉय व्होल्कमन व नंतर तेथीलच मॅथ्यू वेल्च यांच्या प्रयोगशाळांकडे जाते.

कोशिकेचा सांगाडा : ‘सांगाडा’ या शब्दामुळे हाडांसारख्या स्थिर रचनेची कल्पना मनात येते, ती येथे लागू पडत नाही. हा सांगाडा सतत मोडला व पुन्हा जोडला जात असतो. पृष्ठवंशी (पाठीचा कणा असलेल्या) प्राण्यांत तो तीन प्रकारच्या तंतूंचा असतो. ॲक्टिन या प्रथिनाचे सूक्ष्मतंतू सु. ७ नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = मिमी.चा दहा लाखावा भाग) जाड असतात. ट्युब्युलिन या प्रथिनाच्या सूक्ष्मनलिकांचा व्यास सु. २५ नॅनोमीटर असतो. तिसरे मध्यवर्ती जाडीचे तंतू कीटकांच्या कोशिकाद्रव्यात बहुधा नसतातच. केंद्रकाच्या आवरणाला आतून आधार देणारी लॅमिन प्रथिने मात्र त्यांच्यात असतात. म्हणून कीटकांत व्हायरसाला वापरण्याजोग्या व्यवस्था प्रामुख्याने दोनच उरतात.

ॲक्टिनचे रेणू सुटे असतात तेव्हा ते गोलसर असतात. एकमेकांना जोडले गेले म्हणजे त्यांचा दुपेडी दोरीसारखा तंतू बनतो. तंतूच्या एका टोकाला नवे रेणू झपाट्याने लागतात व दुसऱ्या टोकाकडून सुटे होतात. वाढणाऱ्या टोकापुढे एखादी वस्तू आली, तर ती पुढे ढकलली जाते. नवा तंतू आपोआप सुरू होणे कठीण असते. त्यासाठी एआरपी-२/३ या सात प्रथिनांच्या संयुक्त रचनेची मदत लागते. ही रचना जुन्या तंतूच्या अंगावर बसून सु. ७०° कोनात नवी फांदी फोडते. पण तिला जागे करणारे दुसरे प्रथिन हवे असते. निरोगी कोशिकेत हे काम डब्ल्यूएएसपी (उच्चारी ‘वास्प’) कुलातील प्रथिने करतात. बॅक्युलोव्हायरसाचे सर्व कसब या एका कळीवर बोट ठेवण्यात आहे.

व्हायरसाची दोन रूपे : बॅक्युलोव्हायरसाचे आनुवंशिक द्रव्य दुपेडी व वलयाकार डीएनए (डीऑक्सिरिबोन्यूक्लिइक अम्ल) हे असते. प्रयोगशाळेत सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या ऑटोग्राफा कॅलिफोर्निका या पतंगाच्या व्हायरसात ते सु. १,३४,००० क्षारक-जोड्यांचे असून त्याचा पूर्ण क्रम १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. घाटे अळीच्या व्हायरसाचा डीएनए सु. १,३१,००० जोड्यांचा आहे. हे द्रव्य प्रथिनाच्या काडीसारख्या वेष्टनात बसविलेले असते. या काडीला न्यूक्लिओकॅप्सिड म्हणतात. ती २५० ते ३०० नॅनोमीटर लांब व सु. ३० ते ६० नॅनोमीटर रुंद असते. एकाच व्हायरसाची दोन रूपे आढळतात. एक रूप बहुतलकात बंदिस्त असते व ते एका अळीकडून दुसऱ्या अळीकडे जाण्यासाठी उपयोगी पडते. दुसरे सुटे रूप कोशिकेच्या पटलातून मुकुलनाने (कोंब फुटावा तसे) बाहेर पडते व त्याच अळीच्या शरीरात रोग पसरविते. बहुतलक ऊन, पाऊस व जमिनीतील सूक्ष्मजीव यांना बऱ्यापैकी तोंड देतो आणि मातीत वर्षानुवर्षे टिकू शकतो.

पोषक कोशिकेतील प्रवास : अळीने पानाबरोबर बहुतलक गिळला की तिच्या मध्यांत्रातील (आतड्याच्या मधल्या भागातील) तीव्र क्षारधर्मी रसात तो विरघळतो. या रसाचे पीएच मूल्य १० च्या आसपास असते. माणसाच्या जठरातील रस अम्लधर्मी असतो व तेथे बहुतलक अशा रीतीने विरघळत नाही. मुक्त झालेले व्हायरसकण आतड्याच्या स्तंभाकार कोशिकांच्या सूक्ष्म केसाळ कडेला चिकटतात. त्यांचे आवरण कोशिकापटलात मिसळून जाते व न्यूक्लिओकॅप्सिड उघड्या अवस्थेत कोशिकाद्रव्यात उतरतो.

येथे व्हायरसाला घाई असते. आतड्याच्या अस्तरातील कोशिका झिजून सारख्या गळून पडत असतात. बाधित कोशिकाही अशीच टाकून दिली जाते. कात टाकण्याच्या वेळी तर जवळजवळ सर्व अस्तर बदलते. व्हायरसाने त्याआधी पलीकडच्या ऊतकात (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहात) पोहोचले नाही, तर अळी बरी होते. कोशिकेत शिरल्याबरोबर ॲक्टिनच्या दोऱ्या तयार होतात, हे १९९३ मध्ये चार्लटन व व्होल्कमन यांनी नोंदविले होते. त्यांचा अर्थ मात्र पुढे स्पष्ट झाला. न्यूक्लिओकॅप्सिडाच्या एका टोकाशी पी-७८/८३ नावाचे व्हायरसाचे स्वतःचे प्रथिन असते. त्याच्या रचनेतील काही भाग वास्प प्रथिनांशी जुळतो, हे २००१ मध्ये लक्षात आले. हे प्रथिन एआरपी-२/३ ला जागे करते. त्यामुळे काडीच्या मागे ॲक्टिनची शेपटी वाढू लागते व धूमकेतूसारखी दिसणारी ही रचना काडीला पुढे रेटते. जिवंत कोशिकांतील हा प्रवास ओकावा, व्होल्कमन व वेल्च यांनी २०१० मध्ये चित्रित केला. शेपटीच्या जोरावर काही काड्या केंद्रकाकडे जातात, तर काही कोशिकेच्या कडेपर्यंत जाऊन तेथे पृष्ठभागावर उंचवटे उठवितात. पी-७८/८३ बिघडविलेल्या व्हायरसाची जीने (आनुवंशिक लक्षणे निर्देशित करणारी एकके) उशिराने कार्यान्वित होतात, असेही या प्रयोगांत आढळले. २०१४ मधील इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकीय अभ्यासात ही शेपटी माशाच्या काट्यासारखी दिसली. कोणत्याही क्षणी सरासरी चारच तंतू काडीला ढकलत असतात, असा त्यावरून हिशेब निघाला.

लिस्टेरिया हा सूक्ष्मजंतू आणि देवीच्या लशीतील व्हॅक्सिनिया व्हायरस हेही ॲक्टिनच्या शेपटीवर स्वार होतात. पण व्हॅक्सिनियाला मध्यस्थ म्हणून पोषकाचे वास्प प्रथिन बोलवावे लागते. बॅक्युलोव्हायरस तशी नक्कल स्वतःबरोबरच घेऊन हिंडतो.

केंद्रकाच्या आवरणाला असलेल्या छिद्रांतून काडी अखंड आत जाऊ शकते, असे २०१२ मधील संशोधनात दिसून आले आहे. आत गेल्यावर डीएनए वेष्टनातून सुटतो आणि व्हायरसाची सुरुवातीची जीने कामाला लागतात.

केंद्रकातील ॲक्टिन : यापुढील टप्पा सर्वांत लक्षणीय आहे. सर्वसाधारण कोशिकेत ॲक्टिनचा मोठा साठा कोशिकाद्रव्यात असतो व केंद्रकात त्याचे प्रमाण अल्प राखले जाते. बाधित कोशिकेत मात्र सुटे ॲक्टिन केंद्रकात लोटू लागते. त्यासाठी व्हायरसाची सहा जीने पुरेशी असतात, हे २००२ मध्ये दाखविले गेले. त्यांपैकी आयई-१ हे जीन व्हायरसाच्या इतर जीनांनाही चालना देणारे आहे व एसी-१०२ हे ॲक्टिनचा हा साठा नियंत्रित करते. डीएनएच्या प्रती तयार होऊ लागल्यानंतर, बाधेपासून सु. ६ तासांनी पुढे, नवी वेष्टन-प्रथिने बनतात. मग साठविलेल्या ॲक्टिनचे तंतू केंद्रकातच विणले जातात. या तंतूंच्या सान्निध्यात नव्या काड्यांची बांधणी होते.

हे तंतू खरोखर आवश्यक आहेत की रोगाचा केवळ आनुषंगिक परिणाम आहेत, असा प्रश्न साहजिकच उपस्थित झाला. त्याचे उत्तर कवकापासून (बुरशीपासून) मिळणाऱ्या सायटोकॅलॅसीन-डी या द्रव्याने दिले. हे द्रव्य ॲक्टिन तंतूच्या वाढत्या टोकाला झाकण लावते. ते घातले असता व्हायरसाचा डीएनए तयार होतो, वेष्टनाची प्रथिनेही तयार होतात, पण त्यांची नीट जुळणी होत नाही. द्रव्य काढून टाकताच उत्पादन पुन्हा सुरू होते. मात्र एका द्रव्यावरून काढलेला निष्कर्ष नेहमीच संशयास्पद असतो, कारण ते कोशिकेतील सर्वच ॲक्टिनवर परिणाम करते. म्हणून २००६ मध्ये गोली व सहकाऱ्यांनी उलट बाजूने प्रयोग केला. त्यांनी कोशिकेला हात न लावता व्हायरसाच्या पी-७८/८३ मधील एआरपी-२/३ शी जुळणारा भागच बदलला. तेव्हाही केंद्रकातील तंतू बनले नाहीत व व्हायरसाची संततीही खुंटली. दोन वेगळ्या मार्गांनी आलेले हे उत्तर एकच असल्याने आता त्याविषयी शंका उरलेली नाही.

बाहेर पडणे : नव्या काड्यांना केंद्रकातून बाहेर पडण्यासाठी पुन्हा ॲक्टिनचीच मदत होते. त्यांच्या शेपट्या काड्यांना केंद्रकाच्या आवरणावर आतून रेटतात, आवरण फाटते व काड्या कोशिकाद्रव्यात येतात, असे ओकावा व वेल्च यांनी २०१८ मध्ये दाखविले. तेथून पुढे कोशिकापटलापर्यंत सूक्ष्मनलिकांची वाट वापरली जात असावी. या नलिकांवरून ओझे वाहून नेणारे किनेसीन-१ हे चालक प्रथिन व्हायरसाच्या वेष्टन-प्रथिनांना चिकटते, हे २०१२ मध्ये आढळले. सूक्ष्मनलिकांचे कार्य ॲक्टिनइतके निर्विवाद सिद्ध झालेले नाही. बाधित कोशिका फुगून वाटोळ्या होतात, त्याला या नलिकांची फेरमांडणी कारणीभूत असते. सु. १८ ते २० तासांनंतर मुकुलन मंदावते, काड्या केंद्रकातच राहून आवरणे मिळवितात आणि पॉलिहेड्रीन या प्रथिनाच्या बहुतलकांत गाडल्या जातात. या अखेरच्या काळात पी-१० नावाचे प्रथिन केंद्रकात व कोशिकाद्रव्यात स्वतःचेच तंतू उभारते. ते सूक्ष्मनलिकांशी संलग्न असून केंद्रक फुटून बहुतलक मोकळे होण्यास त्यांची आवश्यकता असते. अळीच्या शरीराचा द्रव होतो, तो व्हायरसाच्याच काही एंझाइमांमुळे.

सांगाड्याचा असा वापर करणारा हा एकच गट नाही. भाताच्या खुजा रोगाचा व्हायरस तुडतुड्यांच्या शरीरात वाढतो. तेथे तो स्वतःच्या प्रथिनाच्या नळ्या बनवितो आणि ॲक्टिनच्या साह्याने शेजारच्या कोशिकेत शिरतो. तुडतुड्याला त्याचा फारसा उपद्रव होत नाही. नुकसान भाताचे होते.

शेतातील वापर : एनपीव्ही अजूनही बहुतांशी जिवंत अळ्यांतच वाढवितात. घाटे अळ्या एकमेकींना खातात, म्हणून प्रत्येकीला वेगळ्या कप्प्यात ठेवून हरभऱ्याच्या पिठाच्या कृत्रिम खाद्यावर पोसावे लागते. व्हायरसाची मात्रा ‘अळी-सममूल्या’त (एल. ई.) सांगतात. एक अळी-सममूल्य म्हणजे ६ अब्ज बहुतलक. हेक्टरी २५० अळी-सममूल्ये फवारली, तर ती संख्या दीड लाख कोटी होते. तुरीवर व मोठ्या प्रादुर्भावात याच्या दुपटीपर्यंत मात्रा देतात. सूर्यप्रकाशातील जंबुपार (दृश्य वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील) किरण व्हायरसाचा डीएनए बिघडवितात, म्हणून फवारणी सायंकाळी करतात व द्रावणात नीळ मिसळतात. हरभऱ्याच्या पानांवर स्रवणाऱ्या आंबेने बहुतलक विरघळत नाही, परंतु त्याच पानांतील काही आयसोफ्लॅव्होनॉइड द्रव्ये आतड्याच्या क्षारधर्मी रसात व्हायरसाला निष्प्रभ करतात, असे अभ्यासांत दिसले आहे. कोशिकेत काय घडते ते पाहता फवारणीची वेळ सर्वांत महत्त्वाची ठरते. लहान अळीला थोडे बहुतलक पुरतात व ती लवकर मरते. अर्ध्या बोटाएवढ्या अळीला मात्रा अनेक पटींनी जास्त लागते आणि मरेपर्यंत ती पुष्कळ घाटे फस्त करते. म्हणून अळ्या मोठ्या झाल्यावर मारलेल्या फवारणीवरून या व्हायरसाची परीक्षा करणे योग्य नाही. या जिल्ह्याला लागू असलेले पीकसंरक्षणाचे सल्ले परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडून (स्थापना १९७२) व कळमनुरी तालुक्यातील तोंडापूर येथील कृषी विज्ञान केंद्राकडून मिळतात.

घाटे अळीचा व्हायरस हेलिकोव्हर्पा व तिच्या निकटच्या जातींपलीकडे रोग करीत नाही. मधमाश्या, मित्रकीटक, गुरे व माणसे यांना त्याची बाधा होत नाही. ॲक्टिन हे प्रथिन यीस्टपासून माणसापर्यंत जवळजवळ सारखेच असते. त्यामुळे व्हायरसाची पोषकनिवड केवळ त्यावर ठरू शकत नाही. ती इतर पायऱ्यांवर ठरते. उदा., ऑटोग्राफाच्या व्हायरसातील हेलिकेज (डीएनएचे पेड सोडविणारे) एंझाइम किंचित बदलले असता तो रेशीम किड्याच्या कोशिकांतही वाढू लागतो.

लसनिर्मिती : स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा या लष्करी अळीच्या कोशिका काचपात्रात वाढवून त्यांत बॅक्युलोव्हायरसाकरवी हवे ते प्रथिन बनवून घेण्याचे तंत्र १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. पॉलिहेड्रीनच्या जीनाजागी दुसरे जीन बसविले की, कोशिका त्याचेच प्रथिन मोठ्या प्रमाणात बनवितात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या व २८ डिसेंबर २०२१ रोजी भारतात आणीबाणीच्या वापरासाठी मान्यता मिळालेल्या कोव्होव्हॅक्स या कोविड-१९ वरील लशीतील प्रथिन याच पद्धतीने मिळविलेले होते.

रेशीम किड्यांचा रोग : हरभऱ्याच्या शेतकऱ्याला जो गट मित्र वाटतो, तोच तुती लावणाऱ्याला शत्रू आहे. मराठवाड्यात रेशीमशेती वाढत गेली व २०१८ मध्ये जालना येथे कोष बाजार सुरू झाला. किड्यांना होणारा ग्रासेरी रोग बॉम्बिक्स मोरी या रेशीम किड्याच्या स्वतंत्र एनपीव्हीमुळे होतो. घाटे अळीसाठी फवारलेल्या व्हायरसामुळे तो होत नाही, हे तुती व हरभरा शेजारी-शेजारी असणाऱ्या शेतकऱ्यांनी लक्षात घेण्याजोगे आहे. रोगट किडे पिवळसर, फुगीर होतात, स्वस्थ न बसता तबकाच्या कडेने फिरतात आणि त्यांच्या अंगातून दुधाळ द्रव गळतो. बाधा झाल्यावर औषध नाही. हैदराबाद येथील डीएनए फिंगरप्रिंटिंग अँड डायग्नॉस्टिक्स केंद्रात २००७ मध्ये आयई-१ हे जीन बंद पाडणारी यंत्रणा असलेले रेशीम किडे तयार करण्यात आले व त्यांत रोगप्रतिकार वाढलेला आढळला. केंद्रकात ॲक्टिन ओढून आणणाऱ्या सहा जीनांपैकी हे एक, याचा उल्लेख वर आला आहे. प्रत्यक्ष संगोपनगृहात मात्र उपाय साधेच आहेत : रोगट किडे दिसताच वेचून चुन्याच्या द्रावणात टाकणे, त्यांचा द्रव पानांवर पडू न देणे, आणि प्रत्येक पिकानंतर घर व तबके विरंजक चूर्ण व विरलेला चुना यांच्या द्रावणाने धुऊन काढणे, कारण भिंतीच्या भेगेत राहिलेला बहुतलक पुढच्या पिकाच्या किड्यांपर्यंत सहज टिकतो.